महसूल, मजुरी आणि व्यसन

व्यसनाधीन मनुष्याविषयी बोलताना आपण बहुधा त्याच्या मनाच्या दुबळेपणापासून आरंभ करतो, तेथून फार तर त्याच्या संगतीपर्यंत जातो, आणि पुढचा विचार वैद्यांवर किंवा पोलिसांवर सोपवून मोकळे होतो. मनोनिग्रहाचे महत्त्व कोणीही नाकारणार नाही. परंतु एकाच पिढीत, एकाच वस्तीत, हजारो माणसांचा मनोनिग्रह एकदमच का ढासळावा, आणि आधीच्या पिढीला ज्या पदार्थाचे नावही ठाऊक नव्हते नेमका त्याच पदार्थापाशी तो का ढासळावा, या प्रश्नाचे उत्तर व्यक्तीच्या स्वभावात सापडत नाही. त्यासाठी अबकारी खात्याची दफ्तरे, गिरण्यांचे हजेरीपट आणि साखर कारखान्यांचे ताळेबंद चाळावे लागतात. गेल्या दीडशे वर्षांत महाराष्ट्रातील माणसाच्या पोटापाण्याची रीत जसजशी पालटत गेली तसतशी त्याच्या नशेचीही रीत पालटत गेली, आणि त्या पालटण्यात सरकारी महसुलाचा हात फार वेळा होता, ही गोष्ट आपल्या सामाजिक इतिहासात जितकी ठळकपणे नोंदली जायला हवी होती तितकी नोंदली गेलेली नाही.

उत्तर कोकणातील, म्हणजे तेव्हाच्या ठाणे व कुलाबा जिल्ह्यांतील वारली, कातकरी, ठाकर इत्यादी समाजांच्या जीवनात मोहाच्या झाडाला जे स्थान होते ते केवळ दारूमुळे नव्हते. फाल्गुन-चैत्रात झाडाखाली गळून पडलेली फुले बायकामुलांनी पहाटे वेचून आणावी, वाळवून साठवावी, कणगीतले धान्य सरले की तीच शिजवून खावी, आणि त्यांतली काही मडक्यात आंबवून घरच्याघरी त्यांचा अर्क काढावा, असा तो वर्षाचा क्रम होता. त्या अर्काचा पहिला वाटा देवाचा आणि पितरांचा असे. लग्नात, मर्तिकात, सणावारी तो सर्वांनी मिळून प्यावा अशी चाल होती. किनाऱ्यालगत भंडारी लोक ताडामाडांवर चढून ताडी-माडी उतरवीत, आणि ती बऱ्याच घरांत अन्नासारखीच घेतली जाई. या समाजांत अतिरेक होतच नसे असे म्हणणे भाबडेपणाचे ठरेल. परंतु त्या पिण्याला रूढीने घातलेली एक मर्यादा होती, आणि तिच्याहून भक्कम अशी दुसरी मर्यादा त्या पेयांच्या प्रकृतीतच होती. मोहाच्या फुलांचा हंगाम वर्षातून एकदाच येतो. ताडी तर सकाळी उतरवली की संध्याकाळपर्यंत आंबट होऊ लागते आणि दुसऱ्या दिवशी पिण्याजोगी राहत नाही. जी वस्तू साठत नाही तिचा दूरवर व्यापार होत नाही, आणि जी घरोघरी तयार होते तिच्यावर कर बसवणे कोणत्याही सरकारला जड जाते.

नेमकी हीच अडचण ब्रिटिश अंमलाने दूर केली. १८७८ साली मुंबई इलाख्याचा अबकारी कायदा झाला, आणि मीठ, अफू, जकात यांच्याबरोबर अबकारीचाही कारभार पाहणाऱ्या चार्ल्स प्रिचर्ड या अधिकाऱ्याने दारू गाळण्याचा व विकण्याचा सारा व्यवहार सरकारी परवान्याच्या कक्षेत आणण्याचा चंग बांधला. घरची भट्टी हा गुन्हा ठरला. दारू गाळण्याचे काम मोजक्या कारखान्यांत एकवटले, आणि पंचमहालांतून मोहाची फुले आणवून ती गाळणाऱ्या उरणच्या भट्ट्यांना या नव्या व्यवस्थेत मोठे महत्त्व आले. विक्रीचे मक्ते लिलावाने दिले जाऊ लागले. ताडाच्या झाडावरील पट्टी आण्यांवरून रुपयांवर गेली, तेव्हा पिढ्यान्‌पिढ्या झाडावर चढणाऱ्या भंडाऱ्यांपैकी अनेकांना तो धंदा परवडेनासा झाला. एवढ्यानेही घरगुती भट्ट्या थांबत नाहीत असे दिसून आल्यावर १८९२ साली खास ठाणे व कुलाबा या दोन जिल्ह्यांकरिता मोहाच्या फुलांचा कायदा करण्यात आला, आणि ज्या फुलांवर गरीब माणूस उपासमारीचे महिने काढीत असे ती फुले बाळगण्यावरच निर्बंध आले. दारूच्या उत्पन्नाला धक्का लागू नये एवढ्यासाठी माणसाच्या तोंडचे अन्न कायद्याच्या कचाट्यात सापडावे, याहून स्पष्ट शब्दांत त्या धोरणाचे अंतरंग सांगता येणार नाही.

परिणाम काय झाला? लोकांनी पिणे सोडले नाही, कारण देवाला, पितरांना आणि लग्नाला दारू लागतच होती. फक्त ती आता घरच्या मडक्यातून न येता गुत्त्यातून रोख पैशाने आणावी लागे. ज्यांच्या हाती वर्षभरात रोकड क्वचितच खेळे, अशा माणसांना ती उधारीवर मिळे, आणि उधारीच्या फेडीत गवत, भात आणि अखेर अंगमेहनत द्यावी लागे. गुत्तेवाला, सावकार आणि जमीनमालक या तीन भूमिका पुष्कळदा एकाच माणसाकडे असत. वारल्यांमध्ये लग्नासाठी कर्ज काढायचे आणि ते फिटेपर्यंत धन्याच्या घरी नवराबायकोने राबायचे, ही जी लग्नगडीची पद्धत होती, आणि जिच्याविरुद्ध १९४५ साली गोदावरी परुळेकर व किसान सभा यांच्या नेतृत्वाखाली वारल्यांनी उठाव केला, तिच्या मुळाशी असलेल्या लग्नखर्चात विकतच्या दारूचा वाटाही होता. त्यातच गुत्त्यात मिळणारी गाळीव दारू ताडीच्या कितीतरी पट कडक असे. मक्तेदाराने लिलावात ओतलेली रक्कम त्याला वर्षाच्या आत वसूल करायची असल्यामुळे गिऱ्हाइकाने कमी प्यावे असे म्हणणारा तेथे कोणीच उरला नव्हता. सौम्य आणि नासणाऱ्या पेयाची जागा कडक आणि टिकणाऱ्या पेयाने घेतली. आधुनिक महाराष्ट्राच्या व्यसनाच्या इतिहासातील ही पहिली मोठी उलथापालथ होय, आणि ती लोकांच्या आवडीतून मुळीच झाली नव्हती.

ती जाणणारेही लोक होते. पुण्याच्या नगरपालिकेचे सभासद असलेल्या जोतीराव फुले यांनी १८८० साली शहरातील वाढत्या दारूच्या दुकानांना लेखी विरोध नोंदवला होता. आदिवासींनी स्वतः दिलेले उत्तर मात्र त्याहून विलक्षण आहे. १९२२ साली पालघरच्या किनाऱ्यावरील कोळ्यांमध्ये देवीच्या एका उपासनेला आरंभ झाला. ती उपासना डोंगरपट्टीतून वर सरकत सुरत जिल्ह्यातील आदिवासींपर्यंत गेली, आणि तेथे अंगात आलेल्या माणसांच्या तोंडून देवीने दारू-ताडी सोडण्याची, रोज स्नान करण्याची आणि गुत्तेवाल्यांच्या वाऱ्यालाही उभे न राहण्याची आज्ञा केली. गावेच्या गावे काही काळ दारूमुक्त झाली. डेव्हिड हार्डिमन या इतिहासकाराने या चळवळीचा सविस्तर अभ्यास केला आहे. अंधश्रद्धा म्हणून तिच्याकडे पाहणाऱ्यांनी एवढे ध्यानात घ्यावे, की आपल्याला लुबाडणारी व्यवस्था दारूच्या मार्गाने घरात शिरते हे त्या निरक्षर माणसांना अबकारी खात्याच्या वरिष्ठांइतकेच नेमके कळले होते.

जमीनमहसुलाच्या खालोखाल ज्या खात्याचे उत्पन्न, ते खाते बंद करायला निघालेल्या राजकर्त्यांपुढे कोणते संकट उभे राहते याचा अनुभव पुढे काँग्रेसच्या मंत्रिमंडळाला आला. बाळासाहेब खेर यांच्या मंत्रिमंडळाने १ ऑगस्ट १९३९ रोजी मुंबई शहरात दारूबंदी पुकारली. काही महिन्यांतच मंत्रिमंडळाने राजीनामा दिला आणि तो प्रयोग टिकला नाही. स्वातंत्र्यानंतर १९४९ चा मुंबई दारूबंदी कायदा आला. या काळात शहरात घडले ते असे, की उघड दुकाने बंद झाली आणि चाळींच्या मागे, खाडीच्या कडेला, माटुंगा-धारावीच्या दलदलीत हातभट्ट्या पेटल्या. गूळ, नवसागर आणि कुजकी फळे यांपासून गाळलेली दारू रबरी ट्यूबमध्ये भरून शहरभर जाई आणि नवटाक-पावशेराच्या मापाने विकली जाई. पोटासाठी शहरात आलेल्या आणि कोठेही सामावून न घेतल्या गेलेल्या तरुणांना भट्टी राखण्याचे, माल वाहण्याचे, पोलिसांचा हप्ता पोचवण्याचे काम मिळाले. वरदराजन मुदलियार याच्यासारख्यांची सत्ता याच धंद्यावर उभी राहिली. गुंडगिरीचा हा पाया पुढे दारूबंदी सैल झाल्यावरही शहरातून गेला नाही. १९६३ नंतर ही बंदी टप्प्याटप्प्याने शिथिल होत गेली.

ती शिथिल होण्यामागे शहराइतकीच खेड्यातील एक आर्थिक घडामोड होती. १९५० साली विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या प्रयत्नांतून प्रवरानगरचा सहकारी साखर कारखाना उभा राहिला, आणि पुढच्या दोन-तीन दशकांत पाटाच्या पाण्याच्या मुलखात कारखान्यांची माळ लागली. या कारखान्यांनी ग्रामीण महाराष्ट्राला शाळा, रस्ते, दवाखाने आणि आत्मविश्वास दिला, याविषयी दुमत नाही. पण उसाच्या रसातून साखर काढल्यावर मळी उरते, मळीपासून मद्यार्क निघतो, आणि मद्यार्काला गिऱ्हाईक हवे असते. १९७३ साली देशी दारूचे नियम झाले आणि गावोगाव परवानाधारक दुकाने दिसू लागली. मोहाचे फूल जंगलाचे होते आणि हातभट्टी चोरट्याची. देशी दारूची बाटली मात्र सहकार, सरकार आणि बाजार या तिघांच्या सलोख्यातून आली होती, आणि म्हणूनच तिला विरोध करणाऱ्या बाईला गावात उभे राहायला जागा उरली नाही. उसाच्या बिलाचा पैसा ज्या हातात पडे तो हात पुरुषाचा होता. राज्य उत्पादन शुल्क या नव्या नावाने अबकारीचे जे उत्पन्न आज महाराष्ट्राच्या तिजोरीत येते ते अलीकडच्या वर्षांत वीस हजार कोटी रुपयांहून अधिक भरते. सत्तेवर कोणताही पक्ष असो, तो या आकड्याशी भांडण काढीत नाही.

आता गिरणगावाकडे वळतो, कारण अर्थव्यवस्थेच्या पडझडीशी नशेचे नाते किती जवळचे असते हे तेथे जितके उघडे पडले तितके क्वचितच कोठे पडले असेल. लालबाग, परळ, वरळी, भायखळा या भागातील गिरणी कामगार पूर्वी पीतच नसे असे नाही. पगाराच्या दिवशी अनेकांची पावले गुत्त्याकडे वळत, आणि ‘आज पगार घरी येईल का’ या चिंतेत बायका चाळीच्या कठड्याशी उभ्या राहत. पण त्या जीवनाला भोंग्याने आखून दिलेला एक आराखडा होता. पाळीला वेळेवर पोचायचे, साच्यावर आठ तास उभे राहायचे, खानावळीचे पैसे चुकवायचे, गावी मनिऑर्डर धाडायची, संध्याकाळी व्यायामशाळा, भजनी मंडळ, कामगार रंगभूमी किंवा गणपतीची तयारी; या सर्वांतून उरलेल्या फटीत दारूला जागा मिळे. बापाच्या ओळखीने मुलगा बदली कामगार म्हणून खात्यात लागत असे, आणि आयुष्याचा पुढचा रस्ता त्याला समोर दिसत असे.

१८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले. तो संप मागे घेतल्याची घोषणा कधीच झाली नाही. तो विरत गेला, आणि लाखाहून अधिक कामगारांना पुन्हा गिरणीचे तोंड दिसले नाही. घरातली भांडी, दागिने, मग गावचा जमिनीचा तुकडा असे एकेक करीत सर्व विकले गेले. बायकांनी घरकामे, खानावळी, पोळीभाजीचे डबे यांवर संसार रेटले, आणि कर्त्या वयाचे पुरुष व मिसरूड फुटलेली मुले दिवसभर नाक्यावर उभी राहू लागली.

याच सुमारास हजारो मैलांवर दुसरीच काही उलथापालथ चालली होती. १९७९ साली इराणात क्रांती झाली, पाकिस्तानने अफूवर बंदी आणली, आणि वर्षअखेरीस सोव्हिएत फौजा अफगाणिस्तानात शिरल्या. अफूचे जुने मार्ग आणि जुनी गिऱ्हाइके तुटली. अफूवर रासायनिक प्रक्रिया करून तिचे हेरॉइन बनवणाऱ्या भट्ट्या सरहद्दीच्या डोंगराळ पट्ट्यात वाढल्या, आणि त्या मालाचा एक प्रवाह पाकिस्तानमार्गे मुंबई बंदराकडे वळला. परदेशी धाडायच्या मालातला हलका, तपकिरी, भेसळीचा वाटा येथेच विकला जाऊ लागला. मुंबईने त्याला गर्द म्हटले. १९८५ साली अमली पदार्थांचा कडक केंद्रीय कायदा झाला. त्यात अफू आणि चरस हे जुने पदार्थही गर्दच्याच पंक्तीत बसवण्यात आले. शिक्षा सारखीच जबर, तर मग अवजड आणि वास येणारा माल बाळगण्यापेक्षा मुठीत मावणारा, भरपूर नफा देणारा माल बाळगावा, असा हिशेब विक्रेत्याने केला असल्यास त्यात नवल नाही. अबकारी कायद्याने ताडीऐवजी गाळीव दारू पुढे आणली होती. शंभर वर्षांनी पुन्हा एका कायद्याच्या आडून सौम्यापेक्षा उग्र पदार्थ सरस ठरला.

गर्दची रीत दारूहून अगदी निराळी आहे, आणि ती समजून घेतल्याखेरीज त्या काळच्या घरांवर कोसळलेल्या आपत्तीची कल्पना येणार नाही. पन्नीवर चिमूटभर पूड ठेवायची, खालून काडी पेटवून धरायची आणि वर उठणारा धूर नळीने ओढायचा; तो धूर फुप्फुसांतून काही सेकंदांत मेंदूपर्यंत पोचतो. तोंडाला वास येत नाही, झोक जात नाही, म्हणून आईबापांना महिनोन्‌महिने पत्ता लागत नाही. पण काही आठवडे सलग ओढल्यावर शरीराला त्याची अशी सवय जडते की आठ-बारा तासांत पुढची पुडी मिळाली नाही तर नाकाडोळ्यांतून पाणी, हाडे मोडल्यासारख्या कळा, हगवण, ओकाऱ्या आणि झोपेचा संपूर्ण लोप असा त्रास सुरू होतो, ज्याला गर्दुल्ले ‘टर्की’ म्हणतात. त्या क्षणापासून मनुष्य सुखासाठी ओढीत नाही. यातना टळावी एवढ्यासाठी ओढतो. दारुड्याचा खर्च पगारापाशी येऊन अडतो, गर्दुल्ल्याचा खर्च दिवसातून दोनतीनदा उभा राहतो. घरातला तांब्या, शेजाऱ्याची सायकल, रेल्वेची तार, जे हाती लागेल ते भंगारवाल्याकडे जाऊ लागले.

गर्द ओढणारे सारे गिरणगावातले होते असे नाही. सुस्थितीतील घरांतली महाविद्यालयीन मुलेही त्यात सापडली, आणि वर्तमानपत्रांचे लक्ष प्रथम त्यांच्याकडेच गेले. संप झाला नसता तर गर्द मुंबईत आलेच नसते असेही मी म्हणत नाही. परंतु ज्या मुलापाशी परत जायला महाविद्यालय, बापाचा व्यवसाय किंवा दूरच्या शहरातला काका होता त्याला बाहेर पडण्याची वाट होती; ज्याच्या बापाचे काम गेले, स्वतःला काम लागण्याची आशा गेली, आणि ज्याच्या दिवसाला सकाळ-संध्याकाळ असा फरकच उरला नाही, त्याला पुडी मिळवणे, ओढणे आणि पुन्हा मिळवणे हीच दिनचर्या मिळाली. रिकाम्या दिवसाला तिने एक आकार दिला, ही फार भयंकर गोष्ट मला या सर्व प्रकरणात दिसते. गिरण्यांच्या जमिनींवर पुढे उंच इमारती आणि बाजारसंकुले उभी राहिली. त्यांच्याजवळच्या पुलांखाली अंगावर चादर ओढून पन्नीवर वाकलेली माणसे मुंबईने पुढची अनेक वर्षे पाहिली.

डॉ. अनिल अवचट यांनी ‘गर्द’ या पुस्तकात या व्यसनाचे जग मराठी वाचकांपुढे मांडले, आणि त्यांचे लेखन वाचून अस्वस्थ झालेल्या पु. ल. व सुनीताबाई देशपांडे यांच्या आर्थिक साहाय्याने २९ ऑगस्ट १९८६ रोजी पुण्यात येरवड्याच्या मनोरुग्णालयाच्या आवारात मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र सुरू झाले. मनोविकारतज्ज्ञ डॉ. सुनंदा अवचट यांनी त्या केंद्राची जी घडण केली तिच्यात औषधाचा भाग आरंभीच्या दिवसांपुरता होता. त्यानंतर ठरलेल्या वेळी उठणे, सफाई, गटात बसून मोकळेपणाने बोलणे, घरच्यांना सोबत घेणे, आणि बरे झालेल्यांनी नव्यांची जबाबदारी उचलणे यावर भर होता. काळाच्या ओघात तेथे गर्दपेक्षा दारूचेच रुग्ण अधिक येऊ लागले. उपचार घेऊन घरी गेलेल्या माणसाला काम मिळाले आणि कोणी विश्वास टाकला तर तो टिकतो. नाक्यावरचा तोच रिकामा दिवस पुन्हा वाट्याला आला तर केंद्राचे सारे कष्ट पणाला लागतात.

विदर्भाच्या पूर्व टोकाला आणखी एक प्रयोग झाला. डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या कामाभोवती उभ्या राहिलेल्या दारूमुक्तीच्या चळवळीनंतर १९९३ साली गडचिरोली जिल्ह्यात दारूबंदी झाली. शेजारच्या चंद्रपुरात ती २०१५ साली आली आणि चोरट्या दारूचे कारण पुढे करून २०२१ साली उठवण्यात आली. याच टापूत खर्रा नावाचे व्यसन घरोघर पोचले आहे. सुपारी, तंबाखू आणि चुना प्लॅस्टिकच्या कागदात घोटून केलेला तो पदार्थ पाहुण्यापुढे आदराने ठेवला जातो. तो स्वस्त आहे, त्याने भूक मारली जाते, हात कामात गुंतलेले असताना तो गालात राहतो, आणि शेतावर, रोजगाराच्या कामावर, बसच्या लांब प्रवासात तो शुद्ध हरपू देत नाही. म्हणजे मोलमजुरीच्या दिवसाशी त्याची सांगड दारूहून अधिक घट्ट बसते. २०१२ साली राज्यात गुटख्यावर बंदी आली, तरी पानठेल्यावर घोटला जाणारा खर्रा थांबला नाही, आणि तोंडाचा कर्करोग अशा माणसांना गाठतो ज्यांना उपचारासाठी नागपूरपर्यंत जाण्याचे भाडेही जड असते.

गावातील दारूचे दुकान मतदानाने बंद करण्याचा अधिकार महाराष्ट्रातील स्त्रियांना आहे. मतपत्रिकेवर उभी बाटली आणि आडवी बाटली अशी दोन चिन्हे असतात. आडव्या बाटलीला बहुमत मिळाले की दुकान हटते. २००८ च्या आदेशानुसार हे बहुमत, झालेल्या मतदानातून न मोजता, यादीतील एकूण मतदारांच्या निम्म्याहून अधिक असावे लागते. बीड किंवा जालन्याच्या गावातील बायका दसरा-दिवाळीनंतर मुकादमाची उचल फेडण्यासाठी ऊसतोडीला पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात त्या उन्हाळ्यापर्यंत परतत नाहीत. त्यांची नावे यादीत असतात, आणि त्यांची अनुपस्थिती दुकानाच्या पारड्यात पडते. ज्या उसाच्या मळीतून ती बाटली भरली गेली तोच ऊस तोडण्यासाठी त्या गेलेल्या असतात. मतदानाची तारीख त्या परतल्यानंतरची ठेवावी आणि बहुमत हजर मतांतून मोजावे, एवढा फेरफार सरकारने केला, तरी पुष्कळ गावांतला निकाल बदलेल.